तीन दिवसांचा ताप आणि पुढचे नऊ महिने

मला कोविड झाला तेव्हा तीन दिवस ताप, जरा घसा धरलेला, ऑक्सिजन कायम ९७-९८, म्हणजे अगदी माइल्ड. घरीच बरी झाले, दहाव्या दिवशी कामाला लागले. मग तीन आठवड्यांनी एकदा जिना चढताना मधेच पायरीवर बसावं लागलं. नंतर नंतर बोलताना साधे शब्द आठवेनात, एकच मेल तीनदा वाचायचे, नऊ तास झोपून उठले तरी अंगात त्राण नसायचं.

डॉक्टरांनी सीबीसी, थायरॉइड, शुगर, बी१२, फेरिटिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे सगळं करून घेतलं, ते बरोबरच होतं कारण थायरॉइड किंवा रक्त कमी असण्यानेही असाच थकवा येतो. सगळं नॉर्मल आलं. मग म्हणाले टेन्शन घेताय, व्यायाम वाढवा. मी मनापासून वाढवला आणि तिथेच सगळ्यात जास्त बिघडलं. चालताना बरं वाटायचं ना, म्हणून तर कळायचंच नाही, त्रास दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी यायचा, अंग ठणकायचं, उजेड सहन व्हायचा नाही, दोन दोन दिवस अंथरुणातून उठता यायचं नाही, आणि मला वाटायचं आपणच कमी पडतोय म्हणून बरं वाटलं की परत चालायला जायचे.

डोळे उघडले ते वहीमुळे. बहिणीच्या सांगण्यावरून रोज काय केलं, किती वेळ केलं आणि कसं वाटलं एवढंच लिहायला लागले. तीन आठवड्यांची पानं एकत्र बघितली तर प्रत्येक वाईट दिवसाच्या एक-दोन दिवस आधी काहीतरी जास्तीचं केलेलं होतं, कधी चालणं, कधी नुसता दोन तासांचा कॉल. हो, डोक्याचं काम पण त्यात मोजायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळी वाचली, मला खरंच रडू आलं. मग मला आडवं झोपवून पल्स घेतली, ७२. उभं करून दहा मिनिटं दर मिनिटाला पल्स आणि बीपी बघत राहिले, पल्स १०८ वर गेली, बीपी जागेवर. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके ३० किंवा जास्त वाढले, बीपी पडलं नाही आणि त्रास बरेच महिने चालू असेल तर त्याला पॉट्स म्हणतात. झोपून काढलेल्या ईसीजीत ते दिसणार तरी कसं! आणि श्रमानंतर उशिरा येणाऱ्या त्या त्रासालाही नाव आहे, पोस्ट एक्झर्शनल मलेज. असा त्रास असलेल्याला ढकलून व्यायाम करायला लावू नये, ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मधे एमई/सीएफएसच्या (असाच श्रमानंतरचा त्रास होणारा दीर्घ थकव्याचा आजार) गाइडलाइनमधून ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत न्यायचा उपचार काढूनच टाकला. हे मला आधी कळलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

पुढचा उपाय म्हणजे पेसिंग. थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. वीस मिनिटं काम, मग डोळे मिटून आडवं. अंघोळ स्टुलावर बसून. पॉट्ससाठी पाणी भरपूर, माझं बीपी वाढलेलं नाही म्हणून मीठही जास्त (हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका), आणि दाबाचे लांब मोजे. सगळ्यात अवघड काय तर चांगल्या दिवशी स्वतःला आवरणं, मला ते जमायला दोन महिने लागले. घरच्यांना पण, मी हसतबोलत असताना मधेच उठून झोपायला जाते हे पटायला वेळ लागला.

आता नववा महिना चालूय. अर्धा दिवस काम जमतं, शब्द बऱ्यापैकी परत आलेत. गेल्या आठवड्यात पुस्तकांचं कपाट आवरलं, एका दिवशी दोनच कप्पे, असं तीन दिवस, आणि नंतर अंथरूण धरावं लागलं नाही. वहीत त्या पानावर मी तारखेभोवती गोल केलाय.