ब्लॉक केलेला मेल पुन्हा का येतो?

जीमेलमध्ये तीन टिंबांवर दाबून 'ब्लॉक' केलं की मेल यायचा बंद होतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. होत नाही. त्या पत्त्यावरचे पुढचे मेल फक्त स्पॅममध्ये जाऊन पडतात, तेही पत्ता अक्षरन् अक्षर तोच असेल तर. कर्ज विकणारा उद्या पत्त्यात एक आकडा वाढवतो आणि पुन्हा इनबॉक्समध्ये हजर.

खरी गोम 'फ्रॉम'मध्ये, म्हणजे प्रेषकाच्या दिसणाऱ्या पत्त्यात आहे. मेल पोचवणारा एसएमटीपी प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हरांनी आपसात पाळायची नियमावली, १९८२ सालचा. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात मुळात नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर एक नाव आणि आतल्या कागदावर दुसरं असलं तरी पोस्टमन ताडून बघत नाही, तसंच हे. सर्व्हरला सांगितलेला पत्ता वेगळा आणि आपल्याला दिसणारा 'फ्रॉम' वेगळा असू शकतो.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही नंतर लावलेली ठिगळं. एखाद्या डोमेनचे (पत्त्यातल्या ॲटच्या पुढच्या नावाचे) मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात हे एसपीएफ सांगतं, डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं, आणि यांतलं निदान एक तरी दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी जुळतं का हे डीमार्क पाहतं. संगणकावर मेल उघडून तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' घ्या, तिन्हींचे निकाल वरच दिसतील. पण 'पास' दिसलं म्हणून हुरळू नका. स्वस्तातलं डोमेन विकत घेऊन तिन्ही नीट बसवणारे स्पॅमवालेही आहेत. पास म्हणजे डोमेन खोटं नाही, एवढंच. माणूस सरळ आहे असं नव्हे.

म्हणून आधी मेल कुणाचा आहे ते ठरवा. ओळखीच्या दुकानाचा किंवा ॲपचा असेल तर प्रेषकाच्या नावाशेजारचं 'अनसबस्क्राइब' वापरा. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकची ही सोय देणं आणि दोन दिवसांत नाव काढणं बंधनकारक आहे. अनोळखी मेलमधल्या अनसबस्क्राइबच्या लिंकला मात्र हात लावू नका. हा पत्ता चालू आहे, याची आयती पावती मिळते. तिथे 'रिपोर्ट स्पॅम' बरं. चित्रंही आपोआप उघडू देऊ नका, कारण न दिसणाऱ्या एका ठिपक्यातून तीच पावती जाते. सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा.

तरीही एकच टोळी छळत असेल तर सेटिंग्जमधल्याच 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'मध्ये नवा फिल्टर करा आणि 'फ्रॉम'मध्ये अख्ख्या पत्त्याऐवजी ॲटच्या पुढचं डोमेनच लिहा. फुकटच्या मेलसेवेचं डोमेन असेल तर हे करू नका, निम्मे नातेवाईक गायब होतील. 'लोन'सारख्या शब्दावर फिल्टर लावणं तर त्याहून वाईट, बँकेचा हप्त्याचा मेलही त्यात जातो. पहिले पंधरा दिवस 'डिलीट इट' न निवडता नुसतं लेबल लावा आणि काय काय अडकतंय ते बघा. स्पॅम आणि ट्रॅश दोन्ही ३० दिवसांनी आपोआप रिकामे होतात. त्यानंतर मुलाखतीचं पत्र शोधून उपयोग नाही.

आणि १९०९ वर डीएनडी घेतलं असेल, तर ते कॉल आणि एसएमएसपुरतं. मेलचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.