रविवारची उपासना आणि कीर्तन

आज अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जाण्याचा योग आला. पाळकसाहेबांचा, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचा, संदेश नेटका होता. पण मनात राहिले ते त्यानंतरचे कीर्तन. पेटी-तबल्याच्या साथीने बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा रंगत गेली, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या आजीबाईही ध्रुपद बुवांच्या आधीच म्हणत होत्या. ही परंपरा याच मातीतली आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरात काम सुरू केले, त्याच शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले आणि पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजनांतून ख्रिस्तभक्तीला अस्सल मराठी वाणी दिली. आज शेजारच्या वस्तीतील हिंदू कुटुंबेही ऐकायला आली होती आणि त्यांना काही पटवून देण्याची घाई कोणीही केली नाही, हे मला विशेष भावले. उपासनेनंतर पाळकसाहेब आजारी सभासदांच्या घरी प्रार्थनेला गेले. तरुण संघातील मुले जेवणाचे डबे घेऊन सोबत होती. मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, मात्र उरकल्यासारखी वाटली. कीर्तनातील दोन पदे तिथेच शिकवायला घेतली, तर मुले अधिक रमतील, असे मी पाळकसाहेबांना सुचवले आहे.