ऑपरेशननंतरचा डिलिरियम: सगळं भुलीवर ढकलू नका

ऑपरेशन नीट होतं, टाके ठीक असतात, बीपी ठीक असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचं म्हातारं माणूस एकदम भलतंच बोलायला लागतं. सलाईनची नळी ओढतं, कोपऱ्यात कुणीतरी बसलंय म्हणतं, पोटच्या मुलाला ओळखत नाही. मग कुणीतरी समजूत घालतं, अहो भूल पुरती उतरली नसेल, होईल दोन दिवसांत ठीक. या वाक्याचा मला खरंच राग येतो, कारण ते ऐकलं की सगळे निर्धास्त होतात आणि मग कारण शोधायला कुणी जातच नाही.

भूल तर काही तासांत उतरते हो. या अचानक भरकटण्याला डिलिरियम म्हणतात, तो बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत दिसतो आणि त्याआधी माणूस अगदी व्यवस्थित बोललेला असतो. खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, निम्म्यांना पूर्ण भूल आणि निम्म्यांना कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर, तरी दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला डिलिरियम झालाच.

मग होतं काय? ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठी जखमच. प्रतिकारशक्ती खवळते, रक्तात इंटरल्युकिन-६ सारखी सायटोकाइन्स, म्हणजे सूज आणणारी रसायनं, वाढतात, रक्त आणि मेंदूमधलं जे संरक्षक अस्तर असतं ते थोडं सैल पडतं आणि मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चेकाळतात. त्यात ॲसिटिलकोलिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं, जे लक्ष एका जागी धरून ठेवायला लागतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला तर लाटा संथ झालेल्या दिसतात. तरुण मेंदू हे पचवतो. सत्तरी ओलांडलेला, त्यात स्मरणशक्ती आधीच जरा कमी झालेली, रात्रीची झोप नाही, दुखतंय, लघवी तुंबलीय किंवा कुठे इन्फेक्शन आहे, असा मेंदू नाही पचवू शकत.

आणि पहिलं तुटतं ते लक्ष, आठवण नंतर. माझ्या आत्याच्या वेळी डॉक्टरांनी तिला महिने उलटे म्हणायला सांगितले. ती डिसेंबर, नोव्हेंबर म्हणाली, थांबली, पंख्याकडे बघत राहिली आणि मग जानेवारी, फेब्रुवारी असं सरळ सुरू केलं. त्याच दिवशी सकाळी तिने मला माझ्या लहानपणीचा एक किस्सा बारीकसारीक तपशिलासकट सांगितला होता. सकाळी शहाणी, संध्याकाळी हरवलेली, असं वरखाली होणं ही याची मुख्य खूण. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असा एका दिवसात येत नाही.

आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे निदान सगळे धावतात तरी. मला जास्त काळजी वाटते ती गप्प पडून राहणाऱ्यांची. जेवत नाहीत, हाक मारली की डोळे उघडतात आणि परत मिटतात, आणि आपण म्हणतो चला, शांत झोपलेत, आराम मिळतोय. वयस्कर लोकांमध्ये हा गप्प प्रकार खूप दिसतो आणि तोच सगळ्यात जास्त सुटून जातो.

बरेच जण काही दिवसांत सावरतात, काहींना महिने लागतात. पण सावरले म्हणजे विषय संपला असं नाही. अमेरिकेत ७० च्या पुढच्या ५६० जणांवर ऑपरेशननंतर सहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, तर ज्यांना डिलिरियम झाला होता त्यांची बुद्धी बाकीच्यांपेक्षा साधारण ४० टक्के जास्त वेगाने घसरत गेली. डिलिरियमने मेंदूला इजा होते की आधीच नाजूक असलेला मेंदू त्यातून उघडा पडतो, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. मला विचाराल तर दोन्ही थोडं थोडं असावं.

चांगली गोष्ट ही की बऱ्याच केसेस टाळता येतात, आणि त्यासाठी महागडं काही लागत नाही. १९९९ साली अमेरिकेतच हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या ८५२ वयस्कर पेशंटवर हे करून बघितलं होतं, चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी, पाणी वेळेवर, लवकर उठवून चालवणं, रात्री आवाज आणि उजेड कमी, झोपेची गोळी शक्यतो नाही, दिवसातून अनेकदा आज कुठला वार, आपण कुठे आहोत हे सांगणं, एवढंच. डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. त्यामुळे ऑपरेशन झाल्या झाल्या चष्मा पिशवीत घालून घरी नेऊ नका, तो त्यांच्या डोळ्यांवर असू दे. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि झोपेची काही औषधं हे सगळं बिघडवतात, म्हणून घरी काय काय चालू होतं त्याची पूर्ण यादी डॉक्टरांना द्या. पेशंट बरळत असेल तर वाद घालत बसू नका, हात धरा, आपलं नाव सांगा. आणि नर्सना ‘थोडे कन्फ्यूज वाटतायत’ एवढंच न सांगता, काल कसे होते, आज कधीपासून बदलले ते नेमकं सांगा, कारण त्यांचं नेहमीचं वागणं तुम्हालाच माहीत असतं.

एकदा होऊन गेला की पुढच्या ऑपरेशनला परत होण्याची शक्यता वाढते. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर ‘डिलिरियम’ हा शब्द लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच दाखवा.