पाण्याचा खड्डा

सरांचा मेसेज आला, स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठव. आता खरं सांगायचं तर शाळा म्हटलं की मला वर्ग नाही आठवत, मागचा माळ आठवतो. पीटीच्या तासाला त्या माळाला पाच राउंड, अनवाणी, आणि मग बांधावर बसून एकमेकींच्या पायातली कुसळं काढायची. 1500 मीटरला मी तालुक्यात दोनदा तिसरी आले, माझं करिअर तेवढंच. 2005 ला दहावी, मग पुणे, मग नोकरी, आता पळते ती फक्त बस पकडायला.

आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची धावपटू ललिता बाबर माझ्याच वयाची. ओळखबिळख काही नाही हं. पण तिचं नाव पेपरात आलं की आईचा फोन यायचाच, "मोहीची पोरगी बघ!" मुंबई मॅरेथॉनला भारतीय बायकांमध्ये तिची 2014 ला हॅटट्रिक झाली, दुसरी कोणी असती तर तेच धरून बसली असती, हिने 42 किलोमीटर सोडून 3000 मीटर स्टीपलचेस धरली आणि त्याच वर्षी इंचॉनच्या एशियन गेम्समध्ये ब्राँझ आणलं. ऑफिसात कोणालाच ही रेस माहीत नव्हती, मग डबा खाताना मीच समजावायचे की बाबांनो 28 अडथळे असतात आणि शिवाय सात वेळा अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातली पोरगी पाण्यावरनं उड्या मारून नाव काढते, यावर आमचे अण्णा अजून हसतात.

2015 ला वुहानला एशियन चॅम्पियनशिपमध्ये गोल्ड, बीजिंगला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आठवी. आणि मग रिओ. 13 ऑगस्ट 2016 ला हीटमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, 9 मिनिटं 19.76 सेकंद, सुधा सिंगचा नॅशनल रेकॉर्ड जवळपास सात सेकंदांनी मोडला! 1984 च्या पी. टी. उषांनंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या वैयक्तिक रेसची फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई, मधे 32 वर्षं गेली. फायनल 15 ऑगस्टला, सकाळी सोसायटीत झेंडावंदन आणि संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढे. बहारीनची रूथ जेबेट तर सगळ्यांच्या कितीतरी पुढे, जणू वेगळीच रेस पळत होती, ललिता 9:22.74 मध्ये दहावी. शेजारचे काका म्हणाले, "दहावी म्हणजे मेडल नाहीच ना." मी काही बोलले नाही, पण त्यांना एकदा मे महिन्यात आपल्या माळावर पाच राउंड मारायला लावायचे आहेत.

तिचा रेकॉर्ड 2023 ला पारुल चौधरीने बुडापेस्टला मोडला. ललिता आता सरकारी अधिकारी आहे.

परवा शाळेत आले होते. माळाला कंपाउंड झालंय, चुन्याचा ट्रॅक आखलाय, पोरींच्या पायात बूट. एक पोरगी भारी उडी मारून पुढं गेली. मी मोठ्या कौतुकानं विचारलं, "स्टीपलचेस करतेस काय गं?"

"नाही मॅडम, पाइप आडवा आलाय."