शिवणीतली माया

स्मरणिका समितीकडून फोन आला तेव्हा मी नातीच्या परकराची पट्टी दुमडत होते. ‘ताई, शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी दोन पानं लिहून द्या,’ असं पलीकडून एक तरुण मुलगा सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ना मैदान आलं, ना दहावीचा निकाल. आली ती व्हरांड्याच्या टोकाची लांबट खोली. वर पत्रे, भिंतीला लागून पाच पायमशिनं, कोपऱ्यात ब्राऊन पेपरच्या गुंडाळ्या आणि खोलीभर मशीनच्या तेलाचा वास. आपला शिवणाचा वर्ग.

मी १९७९ च्या दहावीच्या तुकडीतली. शिवण घेतलेल्या आम्ही तीस मुली आणि मशिनं पाच, म्हणून बाईंनी एकेका मशीनला सहा-सहा जणी वाटून दिल्या. माझ्या वाट्याला खिडकीतलं मशीन आलं. त्या मशीनवरच्या बाकीच्या पाच जणी आजतागायत माझ्या मैत्रिणी आहेत. वर्गात एकाच नावाच्या तिघी-तिघी असल्यामुळे बाई आम्हाला नाशिकमधल्या घराच्या ठिकाणावरून हाक मारायच्या, आणि तीच नावं आम्हाला चिकटली. पंचवटी, भद्रकाली, सराफ बाजार, नाशिकरोड, गंगापूर रोड. मी मेन रोड. नाशिकरोड रोज बसने यायची. गंगापूर रोडच्या घरामागे तेव्हा मळा होता, ती दप्तरातून पेरू आणायची. आज आम्ही साठी ओलांडली, सासरची आडनावं लागली, पत्ते बदलले, तरी फोन उचलला की आधी ऐकू येतं, ‘काय गं मेन रोड, जेवलीस का?’

बाईंविषयी किती लिहू? गळ्यात मोजपट्टी, हातात खडू आणि बोलणं मोजकं. कापड बेतताना मापाबाहेर, शिवणीच्या आत दडवायला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा बाईंच्या तोंडून ऐकला. छातीच्या मापाचा चौथा भाग फळ्यावर मांडून त्या एक रेघ ओढायच्या आणि तिच्या बाहेर बोटभर जागा सोडून दुसरी. पहिल्या रेघेवर शिवायचं, दुसरीवर कापायचं. कात्री उचलली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, ‘पोरींनो, माया सोडलीत का? आज अंगाला बसतंय म्हणून माया कापून टाकू नका. अंग आहे तसंच राहत नसतं.’ चौदाव्या वर्षी आम्हाला त्यातलं फार काही कळलं नाही. पुढे पहिल्या बाळंतपणानंतर माझा एकही ब्लाऊज मला होईना. तेव्हा पंचवटी एका दुपारी घरी आली, तिनं सहाच्या सहा ब्लाऊज काखेखाली उसवले, मायेतलं अर्धा-अर्धा इंच बाहेर काढलं आणि परत टीप मारून दिली. बाळ मांडीवर घेऊन मी तिच्याकडे बघत बसले होते.

आम्हा सहा जणींची एक नमुन्यांची वही होती. तळहाताएवढ्या मांजरपाटाच्या तुकड्यांवर धावदोरा, उलटी टीप, हेम, काजटाका, साखळी असे एकेक नमुने करून चिकटवायचे. पुढची पानं झबलं, कुंची, परकर यांच्या पाव मापाच्या कागदी बेतांची. बाईंच्या डोळ्यांना तेव्हाच कमी दिसायचं. चष्मा लावूनही त्यांना सुई ओवता यायची नाही, म्हणून तास सुरू होण्याआधी त्यांच्या पिनकुशनवर सुया ओवून ठेवण्याचं काम माझं होतं. मला ते काम फार आवडायचं. आज कळतं, शाळेत माझ्यावर कुणीतरी विसंबून असल्याचा तो पहिला अनुभव होता.

आता बाह्यांची गोष्ट. नववीच्या प्रात्यक्षिकाला ब्लाऊज होता. मी फुलाफुलांचं छापील केंब्रिक आणलं होतं. बाह्या कापताना कापड दुहेरी घ्यायचं, सुलट बाजू समोरासमोर ठेवायची, हे शंभर वेळा सांगितलेलं. पण घाई झाली. मी एक बाही कापली आणि तोच कागद तसाच ठेवून एकेरी कापडावर दुसरी कापली. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा खोल असतो. जोडायला घेतल्यावर लक्षात आलं की माझ्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच झाल्या आहेत. डावी करायला उलटी फिरवावी तर छापा आत जातो. कापड शिल्लक नाही, तासाला चाळीस मिनिटं उरलेली. मी मशीनवर डोकं टेकून रडायला लागले.

सराफ बाजार माझ्या शेजारी बसली होती. तिचं कापड साधं, गर्द निळं. तिला बाह्या कोपरापर्यंत ठेवायच्या होत्या. तिनं काही न बोलता आपला कागद चार बोटांवर दुमडला, स्वतःच्या बाह्या आखूड कापल्या आणि उरलेल्या निळ्या कापडातून माझ्यासाठी दोन आखूड बाह्या बेतल्या. एक डावी, एक उजवी. मी टीप मारत होते तेव्हा पंचवटी चाकावर हात ठेवून वेग सांभाळत होती, कारण माझे पाय पायडलवर थरथरत होते. बाईंनी ब्लाऊज हातात घेतला, फुलांच्या कापडाला लागलेल्या निळ्या बाह्यांवरून बोट फिरवलं, मग सराफ बाजारच्या आखूड बाह्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘दोघींचेही मुंढे छान बसलेत.’ दुसरं काही नाही.

दहावीनंतर आम्ही पांगलो. लग्नं झाली, संसार सुरू झाले, एकमेकींचे पत्ते हरवले. पंचवटी तेवढी येत-जात राहिली. १९९४ साली, दिवाळीच्या आधी, कापड पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये मी साडीचा पदर घेऊन उभी होते. दुकानाच्या दिव्यात रंग फसतो, म्हणून अस्तराचं कापड दारात, उन्हात धरून बघत होते. शेजारी एक बाई तसंच काही धरून उभी. ती म्हणाली, ‘तुमचा मोरपंखी जरा हिरव्याकडे झुकतोय.’ आवाज ऐकला आणि मी कापड सोडून तिचा हात धरला. भद्रकाली! दुकानदार बिचारा दोन्ही ठाणं घेऊन आमच्याकडे बघत राहिला. त्याच दिवशी तिनं मला गंगापूर रोडचा फोन नंबर दिला आणि महिनाभरात सहाही जणी सापडल्या.

तेव्हापासून बुधवार आमचा. बुधवार अशासाठी की सकाळी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बाजार करून भाजीच्या पिशव्यांसकट ज्या घरी बसायचं तिथे पोहोचता येतं. दोन ते पाच. प्रत्येकीचं हातातलं काम वेगळं. एकीचं कर्नाटकी कशिद्याचं कव्हर, एकीच्या साडीला फॉल, कुणाची उशीची खोळ. बायका एकत्र जमल्या की नुसत्या गप्पा मारतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्यात येऊन बसावं. हात चालू असले की जीभ वेगळं बोलते. नजर टाक्यावर असते, त्यामुळे समोरच्या डोळ्यांना डोळे भिडवावे लागत नाहीत. सातपूरचा कारखाना बंद पडून नाशिकरोडच्या मिस्टरांची नोकरी गेली, हे तिनं घरातल्या मोठ्या माणसांनाही सांगितलं नव्हतं. ते तिनं आम्हाला सांगितलं हेम घालता घालता, मान वर न करता. आम्हीही मान वर केली नाही. थोड्या वेळाने गंगापूर रोड म्हणाली, ‘माझ्या जावेला सहा ब्लाऊज शिवून हवेत, तू घेशील?’ नाशिकरोडच्या घरी शिवणाचा व्यवसाय सुरू झाला तो असा. तिच्या दोन्ही मुली त्यावर शिकल्या.

गोधडीचं तर मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. भद्रकालीची आई गेल्यावर तिची नऊवारी लुगडी तिनं आमच्यापुढे आणून ठेवली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. पाच-सहा थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कडांवर पाटे-वरवंटे ठेवायचे आणि चारही बाजूंनी बसून कडेकडून आत धावदोरा घालत यायचं. पहिल्या बुधवारी आम्ही एकमेकींपासून इतक्या लांब होतो की मोठ्याने बोलावं लागत होतं. दर फेरीला बोटभर आत सरकायचं. महिन्याभराने गुडघ्याला गुडघे लागले, सुया एकमेकींना टोचायला लागल्या आणि मधल्या शेवटच्या वितीत तर सहा डोकी एकत्र आली. भद्रकाली आईच्या आठवणी सांगत होती, आम्ही टाके घालत होतो. ती गोधडी आजही तिच्या अंथरुणावर आहे.

नाशिककर गोदावरीचा पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी घरोघर पोहोचते. २ ऑगस्ट २०१६ ला पाणी सराफ बाजारात शिरलं. आमच्या सराफ बाजारचं घर तळमजल्याचं. माणसं वर चढली, मशीन खाली राहिलं. ते तिच्या आईचं, लग्नात तिला दिलेलं. दोन दिवसांनी आम्ही गेलो तर दारात चिखल, आणि ती ओट्यावर सुन्न बसलेली. म्हणाली, ‘भंगारात द्यावं लागेल.’

पंचवटीनं पदर खोचला. आधी लाकडी टेबलावरून मशीनचं डोकं उलटं करून काढलं. रॉकेलचा डबा, जुने टूथब्रश, चिंध्या. दाबाच्या पायाखालच्या दात्यांमध्ये गाळ बसला होता, तो मी सुईच्या टोकाने एकेका फटीतून उकरत होते. गंगापूर रोडनं बॉबीन केसचा बारीक स्क्रू काढून वाटीत ठेवला आणि ती वाटी दिवसभर कुणाला हलवू दिली नाही. शटल रॉकेलमध्ये भिजवलं, पुसलं, परत भिजवलं. चामड्याचा पट्टा गेलाच होता, तो नवा आणला. तेलाच्या प्रत्येक भोकात तेल सोडून चाक हातानं फिरवलं. पहिल्यांदा करकरलं, मग जड फिरलं, संध्याकाळी हलकं झालं. मांजरपाटाचा तुकडा खाली घातला. टीप आली, पण खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत होते. आम्ही सहाही जणी एकदम म्हणालो, ‘वरचा दोरा सैल!’ अगदी वर्गात म्हणायचो तसं. ताणाचा स्क्रू पाव फेरा आवळला आणि सरळ, मोत्यासारखी टीप पडली. सराफ बाजार तेव्हा रडली. टेबलाचं लाकूड फुगलं ते फुगलंच, ड्रॉवर अजून नीट लागत नाही, पण मशीन चालतं.

२०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून आम्ही बुधवारच्या बाजारातल्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना दिल्या. २०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवले, आपापल्या घरी, फोन स्पीकरवर ठेवून. इलॅस्टिक मिळेना म्हणून कापडाच्या नाड्या केल्या. पण समोर बसून शिवण्याची सर त्याला नव्हती. पुन्हा एकत्र बसलो त्या पहिल्या बुधवारी कुणाचंच काम धड झालं नाही. आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघत चहा पीत होतो.

शिवणाच्या वर्गात आता संगणक आहेत, असं कळलं. ते हवेतच. तरी समितीला माझी विनंती आहे की आठवड्यातून एक तास सुई-दोऱ्याला द्या, आणि या वेळी मुलांनाही बसवा. मशिनं कमी असली तरी चालतील. एका मशीनवर सहा जणं बसली तर माझ्या मते उत्तमच.

भद्रकालीची नजर गेली तीन वर्षं मधुमेहानं मंद होत चालली आहे. पण हेम घालायला तिला डोळे लागत नाहीत. डाव्या अंगठ्याच्या नखाने ती कापडाची घडी चाचपत जाते आणि टाके सारखे पडतात. लागते ती ओवलेली सुई. म्हणून बुधवारची बैठक आटोपून उठायच्या आधी मी तिच्या लाल पिनकुशनवर आठवड्याच्या सुया ओवून ठेवते. पांढऱ्या डावीकडे, काळ्या उजवीकडे, रंगीत मध्ये. दोरा हातभरच, नाहीतर गुंता होतो.

गेल्या सोमवारी सकाळी तिचा फोन आला. पणतवंडाच्या झबल्यांना तिनं जरा जास्तच हात चालवला होता. ‘मेन रोड, पांढऱ्या संपल्या गं. बुधवारपर्यंत थांबते मी.’

मी चष्मा घेतला आणि रिक्षा केली.