पाळी सुटल्यानंतरचा वर्ग

बेळगावात वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवताना माझ्या वाट्याला येणारे बहुतेक विद्यार्थी दिवसभर कामावर असतात. कोणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बिले काढतो, कोणी खडेबाजारातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळतो, कोणी निपाणीच्या तंबाखू वखारीत आवक-जावक लिहितो, तर कोणी वडगाव-शहापुरात घरचे यंत्रमाग चालवत म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाची पदवी पूर्ण करत असतो. सकाळी दहाच्या वर्गाला हे विद्यार्थी येऊ शकत नाहीत. आले तर त्या दिवसाचा पगार जातो. म्हणून रात्री यूट्यूबवर थेट तास आणि दिवसभर व्हॉट्सॲपवर शंका, अशी शिकवण्याची पद्धत मी ठेवली आहे.

या पद्धतीबद्दल माझे एक ठाम मत झाले आहे. निव्वळ व्याख्यान ऐकवायचे असेल, तर रेकॉर्ड केलेली चित्रफीत पुरेशी असते. थेट तासाची गरज आहे ती विद्यार्थ्याच्या टेबलावर आज पडलेला व्यवहार वर्गात आणण्यासाठी. नोकरी करणारा विद्यार्थी जो अनुभव घेऊन येतो, तो पूर्णवेळ महाविद्यालयात बसणाऱ्या मुलाजवळ नसतो, आणि नेमक्या त्याच अनुभवाला आपल्या अभ्यासक्रमात फारशी जागा मिळत नाही.

वस्तू व सेवा कराचेच पाहा. पाठ्यपुस्तकात राज्यांतर्गत आणि आंतरराज्य पुरवठा हा अर्ध्या पानाचा भाग आहे. सीमाभागात मात्र तो रोजचा प्रश्न आहे. उद्यमबागेतून एक लाख रुपयांची कास्टिंग्ज म्हणजे ओतीव भाग राज्याच्या पार उत्तर टोकाला असलेल्या बीदरला गेली, तर १८ टक्के दराने केंद्राचे ९,००० आणि राज्याचे ९,००० रुपये असे दोन कर बिलावर येतात. तोच माल बेळगावला लागून असलेल्या, पण चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात मोडणाऱ्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत गेला, तर १८,००० रुपयांचा एकच एकात्मिक कर (आयजीएसटी) लागतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक कर्नाटकाला २९, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३० आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागत नाही. तिन्ही प्रकारचे क्रमांक त्यांच्या रोजच्या बिलांवर असतातच.

अशाच एका तासात फाउंड्रीतल्या एका विद्यार्थ्याने लिहिले, “सर, ऑर्डर कोल्हापूरच्या पार्टीची हाय, पण माल हुबळीला टाकायला सांगितलाय. गाडी कर्नाटकाबाहेर जाणारच नाही. मग आयजीएसटी कसा काय लावायचा ओ?” मी लगेच उत्तर दिले नाही. आधी सर्वांकडून कौल मागितला, आणि बहुतेकांनी केंद्र व राज्य असे दोन्ही कर सुचवले. त्यानंतर एकात्मिक कर कायद्यातील दहावे कलम आम्ही पडद्यावर उघडून वाचले. तिसऱ्या व्यक्तीच्या, इथे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याच्या, सांगण्यावरून माल दुसऱ्याकडे पोहोचवला, तर तो त्या तिसऱ्या व्यक्तीलाच मिळाला असे कायदा मानतो आणि तिचे व्यवसायाचे मुख्य ठिकाण हेच पुरवठ्याचे ठिकाण ठरते. म्हणजे गाडी कर्नाटकातल्या कर्नाटकात फिरली, तरी फाउंड्रीने कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला द्यायचे बिल आंतरराज्यच राहते. पुढे कोल्हापूरचा व्यापारी हुबळीच्या ग्राहकाला जे बिल देईल, तो स्वतंत्र व्यवहार असतो, हेही त्याच तासात निघाले. चुकीचा कर भरला गेला तर काय, असे लगोलग दुसऱ्याने विचारले. मग योग्य कर भरून चुकीच्या कराचा परतावा कसा मागायचा, इथपर्यंत चर्चा गेली. कलम वाचण्याआधी प्रत्येकाने आपले उत्तर जाहीरपणे लिहिलेले होते, त्यामुळे ते कलम त्यांच्या लक्षात राहील याची मला खात्री आहे.

असा तास घ्यायचा, तर मूळ विषयाची ओळख विद्यार्थ्यांना आधीच झालेली असावी लागते. त्यासाठी मी छोट्या चित्रफिती करतो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील सुमारे ६९ लाख पाहणी-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात चित्रफीत कितीही लांब असली तरी निदान निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाहीत असे आढळले. पाळीवरून घरी परतताना बसमध्ये मोबाईल पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तर सहा मिनिटेही पुष्कळ आहेत.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात लिहितो. यूट्यूबवर बोललेले शब्द विद्यार्थ्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतात, त्यामुळे प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने निमूटपणे थांबायला शिकले पाहिजे. हा विलंब कमी करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. पण ती वापरली की खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जिथे नेटवर्क मुळातच जेमतेम असते, तिथे चित्र अडखळू लागते. मी तिथल्या मुलांचा विचार करून विलंब सहन करतो. कॅमेरा माझ्या चेहऱ्याऐवजी कागदावर रोखलेला असतो आणि आकडे जाड पेनने लिहिलेले असतात. कमी दर्जाच्या चित्रातही ते वाचता यावेत, एवढाच हेतू. उशिरा आलेल्याला चालू प्रक्षेपण मागे नेऊन पाहता येते, ही सोय दुसऱ्या पाळीच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडते.

समाजमाध्यमांच्या बाबतीत मात्र मी दोन गोष्टींवर अडून बसतो. पहिली, मालकाचे बिल किंवा खातेपत्रक फोटो काढून कोणीही टाकायचे नाही. व्यवहार सांगायचा, आकडे बदलायचे आणि पक्षकाराचे नाव गाळायचे. कारण गोपनीयता हा लेखाकर्मातला पहिला धडा आहे, आणि शिवाय त्या मुलाची नोकरी त्यावर अवलंबून असते. दुसरी गोष्ट मुलींच्या फोन क्रमांकांची. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, आणि त्यामुळे कित्येक घरांतून मुलींना गटात जाऊ दिले जात नाही. सूचना आणि सराव-प्रश्न मी व्हॉट्सॲपच्याच चॅनलवर टाकतो, कारण तिथे अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. शंका मला थेट विचारता येतात, आणि त्यांचे उत्तर मी नाव न घेता तासात देतो. ज्यांना वर्गात हात वर करायचा संकोच वाटत असे, त्यांच्याकडून या मार्गाने आलेले प्रश्न अनेकदा सर्वांत नेमके असतात.

वेळापत्रकही विद्यार्थ्यांच्या कामाप्रमाणेच आखावे लागते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रे भरायची असल्यामुळे हिशेबाच्या टेबलावरची मुले रात्री उशिरापर्यंत कार्यालयात अडकलेली असतात, म्हणून त्या दिवसांत तास नसतो. भाषेबाबतही हेच धोरण आहे. परीक्षा इंग्रजीत असते, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, तेव्हा विवेचन मराठीत होते, संज्ञा इंग्रजी राहतात, आणि कानडीत आलेल्या प्रश्नाला मला जमेल तसे कानडीतच उत्तर दिले जाते.

पुढचा तास यंत्रमागवाल्या विद्यार्थ्यांच्या मागणीवरून ठरला आहे. साड्यांचे पैसे व्यापाऱ्याकडून महिनोन्‌महिने येत नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. प्रत्येकाने आपल्या घरच्या एका थकबाकीचे व्याज, आकडे बदलून, आधीच काढून ठेवावे असे मी सांगितले आहे. हे व्याज मागितले तर पुढची ऑर्डर मिळेल का, हा प्रश्न त्यांच्याकडून येणारच, आणि तासाचा अर्धा वेळ मी त्याच प्रश्नासाठी राखून ठेवला आहे.