गॅटविकच्या आजी आणि ५९ पौंडांचं तिकीट

आज लंडनच्या गॅटविक विमानतळावर विमान लेट होतं, शेजारच्या इंग्रज आजींशी मस्त गप्पा रंगल्या. १९७७ साली त्या लेकर एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या ‘स्कायट्रेन’ नावाच्या स्वस्त विमानसेवेने न्यूयॉर्कला गेल्या होत्या. एकेरी भाडं फक्त ५९ पौंड! आगाऊ बुकिंग नाही, त्याच दिवशी रांग लावून तिकीट काढायचं. जेवणाचे पैसे वेगळे, म्हणून आजींनी घरून सँडविच बांधून नेलेली.

१९६६ला चार्टर (म्हणजे अख्खं भाड्याने दिलेल्या) विमानांवर सुरू केलेली कंपनी फ्रेडी लेकरनी सामान्य माणसासाठी अटलांटिकपार नेली, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं. पुढे नव्या विमानांसाठी डॉलरमध्ये काढलेलं कर्ज, घसरलेला पौंड, मंदी, त्यात बड्या कंपन्यांनी पाडलेले दर. ५ फेब्रुवारी १९८२ला दिवाळं वाजलं. तेव्हा कंपनी वाचावी म्हणून लोकांनी आपणहून पैसे पाठवले होते. आजींनीही पाठवले होते.